शरणागतीच्या कलमांतून घडलेले बेट

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरवर असलेले मॉरिशस हे बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या निम्मे आहे. तरीही एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्याने मजुरांच्या बाबतीत जी नवी व्यवस्था उभी केली आणि पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी अशा दूरदूरच्या वसाहतींत नेली, तिचा पाया याच बेटावर घातला गेला. १८१० ते १९६८ अशी १५८ वर्षे येथे ब्रिटिशांची सत्ता होती, पण ब्रिटिश लोक मात्र येथे मोठ्या संख्येने कधीच वसले नाहीत. राज्य ब्रिटिशांचे, जमीन फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांची आणि राबणारे हात आधी आफ्रिकी गुलामांचे व नंतर भारतीय मजुरांचे, अशी तिहेरी वाटणी त्या काळात झाली. आजच्या मॉरिशसचे राजकारण, भाषाव्यवहार आणि जमिनीची मालकी यांचा उलगडा या वाटणीवाचून होत नाही, आणि वाटणीचे मूळ शोधू गेल्यास ते १८१० च्या डिसेंबरात झालेल्या शरणागतीच्या करारापाशी पोचते.

या बेटाचे महाराष्ट्राशी असलेले सर्वांत जुने नाते माणसांचे नसून दगडाचे आहे. पृथ्वीच्या कवचाखाली खोलवर एका जागी टिकून राहणारे आणि तेथून वितळलेला खडक वर ढकलणारे जे केंद्र असते, त्याला भूशास्त्रात ‘तप्तबिंदू’ म्हणतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच एका तप्तबिंदूवरून गेला, त्या वेळी बाहेर पडलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून दख्खनचे पठार आणि सह्याद्री तयार झाले. त्याच तप्तबिंदूने पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या बेटांखालच्या कडा उभारल्या, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी मॉरिशसला समुद्रावर आणले, आणि आज शेजारच्या रेयुनियन बेटावरचा जागता ज्वालामुखी तोच पेटता ठेवतो, असे भूशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे कोकणातून गेलेल्या मजुराच्या पहारीला तेथे लागलेला काळा पत्थर त्याच्या गावच्या कातळाचाच भाऊबंद होता. उसाची लागवड करण्यासाठी हा पत्थर जमिनीतून उपसून काढावा लागे, आणि असा हातांनी उपसलेला दगड शेताच्या मध्यावर किंवा बांधावर पिरॅमिडसारखा रचून ठेवलेला आजही जागोजागी दिसतो. या ढिगांवर कोणाचे नाव नाही, पण गुलाम आणि मजूर यांच्या श्रमाचे इतके मोठे स्मारक बेटावर दुसरे नाही.

बेटाच्या भोवती जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, मध्यभागी पावसाळी हवेचे उंच पठार आहे, आणि सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे सह्याद्रीतल्या मध्यम उंचीच्या गडाइतके आहे. येथे मूळ रहिवासी असे कोणीच नव्हते, ही गोष्ट या बेटाचा इतिहास वाचताना सतत ध्यानात ठेवावी लागते. अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होते आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजही येऊन गेले, पण वस्ती कोणी केली नाही. १५९८ मध्ये डचांनी त्याला आपल्या मॉरिस या राजपुत्राचे नाव दिले आणि १६३८ मध्ये पहिली वसाहत केली. त्यांनी शिशवीसारख्या काळ्या लाकडाची जंगले तोडली, जावाहून ऊस आणि हरणे आणली, आणि त्यांच्याच काळात उडता न येणारा डोडो पक्षी नामशेष झाला. १७१० मध्ये त्यांनी बेट सोडून दिले. त्यानंतर आलेल्या फ्रेंचांनी मात्र ‘इल द फ्रान्स’ या नव्या नावाने तेथे खराखुरा संसार मांडला. १७३५ मध्ये आलेल्या माहे द ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुईचे बंदर, रस्ते, इस्पितळ आणि साखरेचे कारखाने उभे केले. हे सारे मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर उभे राहिले, आणि त्यात पाँडिचेरीकडून नेलेल्या तमिळ कारागिरांचाही हात होता.

या फ्रेंच वसाहतवाल्यांचा स्वभाव ओळखायचा असेल तर १७९६ ची घटना पाहावी. क्रांतिकारक फ्रान्सने १७९४ मध्ये आपल्या सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली आणि दोन वर्षांनी तो हुकूम अमलात आणण्यासाठी पोर्ट लुईला आपले प्रतिनिधी धाडले, तेव्हा मळेवाल्यांनी त्यांना जहाजावर चढवून परत पाठवले. स्वतःच्या मायदेशाच्या सरकारलाही ज्यांनी जुमानले नाही, त्या वर्गाशी ब्रिटिशांना पुढे व्यवहार करायचा होता.

ब्रिटिशांना या बेटाची गरज होती ती साखरेसाठी नव्हे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात फ्रेंच आरमार आणि सरकारी परवान्याने लूटमार करणारी खासगी जहाजे पोर्ट लुईच्या आसऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारावर तुटून पडत, आणि भारताकडे जाणारा समुद्रमार्ग सुरक्षित करायचा तर हा तळ हाती घेणे भाग होते. त्यामुळे ही मोहीम लंडनपेक्षा भारतातून अधिक चालवली गेली. १८०९ मध्ये रॉड्रिग्ज हे पूर्वेकडचे छोटे बेट घेतले गेले, तेव्हा त्या फौजेत मुंबईच्या एतद्देशीय पायदळाचे शिपाई होते. १८१० च्या ऑगस्टात ग्राँ पोर येथील आरमारी लढाईत ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच आरमारी विजयांपैकी हा एकच पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला आहे. परंतु नोव्हेंबरच्या अखेरीस सुमारे दहा हजारांची फौज उत्तर किनाऱ्यावर उतरली आणि ३ डिसेंबर १८१० रोजी फ्रेंच गव्हर्नराने शरणागती पत्करली.

त्या शरणागतीच्या अटी विलक्षण उदार होत्या. फ्रेंच सैनिकांना युद्धकैदी न करता ब्रिटिश खर्चाने मायदेशी पोचवण्याचे ठरले, रहिवाशांच्या खासगी मालमत्तेला धक्का लागणार नाही असे वचन दिले गेले, ज्यांना निघून जायचे असेल त्यांना मालमत्तेसह जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि आठव्या कलमाने रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज कायम राहतील अशी हमी दिली. भाषेचा उल्लेख त्या कलमात नव्हता, पण फ्रेंच वंशाच्या पुढाऱ्यांनी भाषा ही रीतिरिवाजातच मोडते असा अर्थ लावला आणि तो पिढ्यानुपिढ्या लावून धरला. १८४७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत आणले गेले, तरी त्या न्यायालयात दिवाणी व्यवहारांसाठी चालणारा कायदा नेपोलियनच्या संहितेचाच राहिला आणि तो बव्हंशी आजही आहे. या अटींत ‘रहिवासी’ म्हणून ज्यांचा विचार झाला ते बेटावरचे मूठभर मालक होते. लोकसंख्येत ज्यांची प्रचंड बहुसंख्या होती ते गुलाम करारात केवळ ‘खासगी मालमत्ता’ या दोन शब्दांत सामावले गेले, आणि पुढच्या दोन शतकांतल्या अनेक अन्यायांची मुळे या दोन शब्दांत आहेत.

१८०७ च्या ब्रिटिश कायद्याने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरला होता, तरी मॉरिशसला चोरून गुलाम आणणे पुढेही बरीच वर्षे चालू राहिले, आणि पहिला ब्रिटिश गव्हर्नर रॉबर्ट फार्कार याने त्याकडे काणाडोळा केल्याचा ठपका त्याच्यावर आला. १८२५ मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी केली, त्यामुळे कॉफी, कापूस, लवंग ही पिके मागे पडून सारे बेट उसाखाली जाऊ लागले, आणि नेमकी त्याच वेळी गुलामगिरी संपवण्याची मागणी ब्रिटनमध्ये जोर धरत होती. १८३२ मध्ये गुलामगिरीचा उघड विरोधक असलेला जॉन जेरेमी हा कायदा अधिकारी पोर्ट लुईला उतरला, तेव्हा मळेवाल्यांनी शहरभर हरताळ पाडून आणि सशस्त्र माणसे उभी करून त्याला परत जायला लावले. साम्राज्याच्या प्रतिनिधीने साम्राज्याच्याच प्रजेपुढे माघार घेतल्याची अशी उदाहरणे विरळाच. अखेर १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. मालकांना सुमारे ६६,००० गुलामांपोटी वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना रोकड मिळाली नाही, जमीन मिळाली नाही, उलट ‘उमेदवारी’ या नावाखाली जुन्याच मालकाकडे आणखी काही वर्षे सक्तीने राबावे लागले. १८३९ मध्ये ही उमेदवारी संपताच बहुतेकांनी मळे कायमचे सोडले आणि ते किनाऱ्यावर मासेमारीकडे, डोंगरउतारांवर किंवा शहराच्या कडेला जाऊन राहिले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न हा सुळका आहे, जेथे पळालेले गुलाम कपारींत आश्रय घेत. २००८ मध्ये त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला, आणि १ फेब्रुवारी ही आज देशाची सार्वजनिक सुट्टी आहे.

गुलामगिरी संपणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी भारताकडे नजर वळवली. भारतीयांच्या मेहनतीचा अनुभव त्यांना होताच, कारण १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी तेथे पाठवले जात होते आणि सुमारे दीड हजार कैद्यांच्या हातून बेटावरचे कित्येक रस्ते व पूल बांधून घेण्यात आले होते. १८३४ च्या सप्टेंबरात कलकत्त्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील ३६ आदिवासींनी एका करारावर आपली निशाणी उठवली, आणि ‘अॅटलस’ नावाच्या जहाजाने ते २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला पोचले. करार पाच वर्षांचा होता, पगार महिना पाच रुपये होता, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा शिधा आणि ठरावीक कपडे मिळायचे होते. इंग्रज सरकारने या व्यवस्थेला ‘महान प्रयोग’ असे नाव दिले. ‘मुक्त’ मजूर गुलामापेक्षा स्वस्तात साखर पिकवू शकतो हे जगाला दाखवणे, हा त्या प्रयोगाचा हेतू होता. या करारालाच ‘अॅग्रीमेंट’ या शब्दावरून बोलीभाषेत ‘गिरमिट’ आणि करारावर गेलेल्यांना ‘गिरमिटिये’ म्हणू लागले.

पहिल्या काही वर्षांत फसवणूक, पळवापळवी आणि प्रवासातले मृत्यू यांच्या बातम्या पसरल्यामुळे ही वाहतूक बंद करावी लागली. १८४२ मध्ये ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली आणि मग मात्र तिने पुराचे रूप घेतले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय पोर्ट लुईला उतरले. १८६१ च्या शिरगणतीत बेटाच्या लोकसंख्येत ६० टक्क्यांहून अधिक माणसे भारतीय होती, म्हणजे अवघ्या सत्तावीस वर्षांत देशाचा चेहरामोहरा बदलला होता. आफ्रिकेजवळच्या या बेटावर भारतीय रुपया इतका चालू लागला की १८७० च्या दशकात सरकारने रुपयालाच अधिकृत चलन केले, आणि मॉरिशसचे चलन आजही रुपया हेच आहे.

ज्या ठिकाणी ही माणसे उतरली ते पोर्ट लुईच्या बंदरातले १८४९ चे आगमनस्थान आता ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखले जाते, आणि २००६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. मूळ इमारतींचा थोडाच भाग उरला आहे. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या, इस्पितळाचे अवशेष, स्वयंपाकाची जागा, शौचकूप आणि मजुरांच्या राहण्याच्या ओवऱ्या एवढेच आज पाहायला मिळते. परंतु या स्थळाचा खरा आत्मा दगडांत नसून कागदांत आहे. उतरलेल्या प्रत्येक माणसाची सरकारी नोंदवहीत नोंद होई. जहाजाचे नाव, माणसाला दिलेला क्रमांक, त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरच्या खुणा, गाव, परगणा आणि जिल्हा, आणि शेवटी कोणत्या मळ्यावर पाठवला त्याची टीप त्यात असे, आणि पुढे त्याच ओळीत त्याच्या मृत्यूची किंवा परतीची तारीखही भरली जाई. १८६० च्या दशकापासून त्यांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली, त्यामुळे ज्यांच्याबद्दल भारतातल्या त्यांच्या गावांत एक अक्षरही लिहिलेले नाही अशा हजारो शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे चेहरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात जपलेले आहेत. हे कागद माणसांवर पहारा ठेवण्यासाठी तयार झाले होते, आणि आज त्यांचेच पणतू-खापरपणतू आपले मूळ गाव शोधण्यासाठी तेथे अर्ज करतात.

लिहिणारा कारकून परभाषक, सांगणारा निरक्षर आणि लिपी रोमन, अशा स्थितीत गावांची आणि माणसांची नावे कशीही उतरली. आडनाव ही कल्पना अनेकांकडे नव्हतीच, म्हणून पहिल्या पूर्वजाचे किंवा त्याच्या बापाचे पाळण्यातले नाव हेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, आणि बाबाजी, रामजी, लक्ष्मण ही तेथे आज आडनावे आहेत. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या कलकत्ता आणि मद्रास यांच्या तुलनेत थोडी, एकूण संख्येच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. त्यांतले बहुतेक लोक कोकणपट्टीतले, विशेषतः रत्नागिरीकडचे शेतकरी आणि शेतमजूर होते. बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि व्हाक्वाच्या परिसरात त्यांची वस्ती प्रामुख्याने झाली. आज मराठी म्हणवणारे लोक तेथे दीड-दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, परंतु प्राथमिक शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो, गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने गणपतीपुढे नाचली जाते. या लोकांच्या पुढच्या पिढ्यांना कोकणाशी पत्रव्यवहाराचाही फारसा आधार नव्हता. घरात बोलली जाणारी भाषा फ्रेंच शब्दांवर घडलेली क्रिओल झाली, आणि तरीही आरत्या मराठीत म्हटल्या जातात. एवढ्या छोट्या समाजाने एवढे टिकवले, ही गोष्ट मराठी सांस्कृतिक इतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठ्या जागेची हक्कदार आहे.

मुंबई आणि पोर्ट लुई यांच्यातली जहाजांची ये-जा केवळ मजुरांची नव्हती. मॉरिशसने १८४७ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे छापली, त्यांतली पहिली तिकिटे आज जगातल्या सर्वांत दुर्मीळ तिकिटांत मोडतात. एक-एक पेनीची अशी दोन तिकिटे लावलेले, १८५० च्या जानेवारीत मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणिसाला पाठवलेले पाकीट संग्राहकांच्या जगात ‘बॉम्बे कव्हर’ म्हणूनच प्रसिद्ध आहे.

मळ्यावरच्या जीवनाचे वर्णन करताना ‘गुलामगिरीच दुसऱ्या नावाने’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मजुराचा करार संपत असे, त्याची मुले विकली जात नसत आणि त्याला न्यायालयात जाता येत असे, एवढा फरक निश्चित होता, आणि तो लहान नव्हता. परंतु कायद्याचा उपयोग त्याच्या बाजूने क्वचितच झाला. ‘दुहेरी कपात’ नावाच्या नियमाने एक दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापला जाई, त्यामुळे आजारी पडलेला मजूर महिन्याच्या शेवटी उलट मालकाचा देणेकरी होई. मुकादमाला तेथे सिरदार म्हणत, आणि भरती, कर्ज, दुकान व शिक्षा या सर्वांत त्याचा हात असे. करार संपवून स्वतंत्र झालेल्यांवर १८६७ च्या कायद्याने आणखी कडक बंधने आली. त्यांना स्वतःच्या खर्चाने काढलेल्या छायाचित्रासह परवाना सतत जवळ बाळगावा लागे, तो नसेल तर भटकेपणाच्या गुन्ह्याखाली अटक होई, आणि या धरपकडीला कंटाळून माणसे पुन्हा मळ्याचा करार करीत. कायद्याचा उद्देश नेमका तोच होता.

या अन्यायाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवणारा माणूस आदोल्फ द प्लेव्हित्स हा जर्मन वंशाचा एक लहान मळेवाला होता. त्याने १८७१ मध्ये ९,४०१ भारतीयांच्या सह्या-निशाण्यांचा अर्ज तयार करून गव्हर्नरापुढे ठेवला, आणि त्याबद्दल मळेवाल्यांनी भर रस्त्यात त्याला मारहाण केली. परंतु अर्जाचा परिणाम झाला. लंडनहून शाही आयोग नेमला गेला, त्याच्या दोन सदस्यांपैकी एक विल्यम एडवर्ड फ्रीअर हे पूर्वी मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते, आणि १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने कपात, परवाने आणि पोलिसांची मनमानी या सर्वांची साक्षीपुराव्यांसह नोंद केली. मजुरांच्या तक्रारी इतक्या विस्ताराने आणि सरकारी शिक्क्यानिशी नोंदल्या जाण्याची ही मॉरिशसमधली पहिलीच वेळ होती.

१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिवतापाच्या साथीने बंदर आणि किनाऱ्यावर हजारो बळी घेतले. नव्याने सुरू झालेल्या रेल्वेमुळे सुखवस्तू लोक पठारावरच्या थंड हवेत क्युरपीप, रोझ हिल, कात्र बोर्न या गावांत राहायला गेले, आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर पोर्ट लुईचे आंतरराष्ट्रीय महत्त्वही ओसरले. साखरेचा भाव पडू लागल्यावर मळेवाल्यांनी नापीक किंवा कडेच्या जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला काढले, आणि पैपैसा साठवलेल्या जुन्या गिरमिटियांनी व सिरदारांनी ते विकत घेतले. छोट्या शेतकऱ्यांचा एक भारतीय वर्ग अशा रीतीने तयार झाला. परंतु मोठे मळे आणि कारखाने फ्रेंच वंशाच्या थोड्या घराण्यांकडेच राहिले, आणि गुलामांच्या वंशजांना या विक्रीतून फारसे काही मिळाले नाही, कारण त्यांच्याकडे साठवलेला पैसाही नव्हता आणि पत देणारा नातेवाईकही.

१९०१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना मोहनदास गांधी काही आठवडे मॉरिशसला थांबले आणि शिक्षण व राजकारण यांकडे लक्ष द्या असे त्यांनी तेथील भारतीयांना सांगितले. १९०७ मध्ये आलेल्या मणिलाल डॉक्टर या बॅरिस्टरांनी मजुरांचे खटले चालवले आणि ‘हिंदुस्थानी’ हे वृत्तपत्र काढले. तरीही मताधिकार मालमत्तेशी बांधलेला असल्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मतदारयादी सुमारे बारा हजारांच्या पुढे गेली नाही. १९३७ मध्ये एका जातीच्या उसाला कारखान्यांनी कमी भाव दिल्यामुळे शेतकरी व मजूर रस्त्यावर आले आणि युनियन फ्लाक येथे झालेल्या गोळीबारात चार जण मेले. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे पोलिसांच्या गोळ्यांनी पुन्हा चौघांचा बळी घेतला, त्यांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर स्त्री होती. १९४८ च्या राज्यघटनेने ज्याला कोणत्याही मान्य भाषेत साधे वाचता-लिहिता येते त्याला मत दिले, आणि तेवढ्या एका तरतुदीने मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. या तरतुदीचा लाभ घेता यावा म्हणून गावोगावच्या ‘बैठकां’त, म्हणजे मजुरांच्या वस्तीतल्या सभा-शाळांत, दिवसभर ऊस तोडून आलेली प्रौढ माणसे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवीत. वासुदेव विष्णुदयाल यांच्या ‘जन आंदोलना’ने या वर्गांची लाट उभी केली. मॉरिशसमधली सत्ता शस्त्राने नव्हे तर पाटी-पेन्सिलीने बदलली, हे विधान येथे अक्षरशः खरे आहे.

स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र एकमताने सुटला नाही. १९६७ च्या निवडणुकीत शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील स्वातंत्र्यवादी आघाडीला बहुमत मिळाले, तरी सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपले काय होईल ही क्रिओल (मुख्यतः गुलामांचे वंशज), फ्रेंच वंशाच्या आणि इतर अल्पसंख्याकांची धास्ती त्यामागे होती. १२ मार्च १९६८ हा दांडीयात्रेचा दिवस स्वातंत्र्यासाठी निवडला गेला, पण त्याआधी जानेवारीत पोर्ट लुईत जातीय दंगल होऊन ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले होते. या धास्तीवर उपाय म्हणून घटनेत एक असाधारण तरतूद आहे. ६२ सदस्य निवडून आल्यावर, ज्या समाजांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही त्यांच्यातल्या सर्वाधिक मते मिळवून पराभूत झालेल्या उमेदवारांमधून जास्तीत जास्त आठ जणांना संसदेत घेतले जाते. यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’ असे चार गट मानले गेले. शेवटच्या गटात मळेवाल्यांचे वंशज आणि त्यांच्या गुलामांचे वंशज एकत्र मोजले जातात. ही व्यवस्था शांतता राखते असे तिचे समर्थक म्हणतात आणि ती माणसाला कायम त्याच्या जमातीशी बांधून ठेवते असे टीकाकार म्हणतात. दोन्हीही खरे आहे, पण गुलामांच्या वंशजांना स्वतंत्र ओळखच न देणारी ही चौकट त्यांच्यावर विशेष अन्याय करते, हे मान्य करावेच लागते.

स्वातंत्र्यापूर्वी जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, वाढती लोकसंख्या आणि एकाच पिकावरचे अवलंबन पाहून या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशा व्यक्त केली होती. ती खोटी ठरली, कारण साखरेला युरोपात हमीभाव मिळाला, १९७० पासून निर्यातीचे कपड्यांचे कारखाने आले, पाठोपाठ पर्यटन आले, आणि माध्यमिक शिक्षण मोफत झाले. १९९२ मध्ये देश प्रजासत्ताक झाला, तरी अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. संसदेत इंग्रजी, वृत्तपत्रांत फ्रेंच आणि रस्त्यावर व घरात क्रिओल हा भाषांचा क्रम अजूनही टिकून आहे. फ्रेंच शब्दांवर आफ्रिकी व्याकरणाची छाप घेऊन गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेली ही क्रिओल जवळजवळ साऱ्या देशाची बोली असूनही शाळेत स्वतंत्र विषय म्हणून तिला २०१२ मध्ये प्रवेश मिळाला. बकरीच्या कातड्याच्या ‘रावान’ या डफासारख्या वाद्यावर चालणारा सेगा हा गुलामांचा नाच आणि भोजपुरी बायकांची लग्नातली गीत-गवई, दोन्हींना आता युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान आहे.

ब्रिटिशांनी जाता जाता एक तुकडा मात्र स्वतःकडे ठेवला. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याची बोलणी चालू असतानाच, चागोस बेटे तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात मॉरिशसपासून तोडली गेली, आणि त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथल्या सर्व रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडण्यात आले. नारळाच्या बागांत राबलेल्या गुलामांचे आणि भारतीय मजुरांचे वंशज असलेली ही माणसे पोर्ट लुईच्या झोपड्यांत कमालीच्या दारिद्र्यात जगली. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने या बेटांवरचे मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली, ज्यात दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे चालू ठेवण्याची तरतूद आहे.

देशाच्या आतला हिशेब अजून पुरा झालेला नाही. २००९ मध्ये मॉरिशसने सत्य आणि न्याय आयोग नेमला आणि १६३८ पासूनची गुलामगिरी आणि गिरमिट यांचे परिणाम तपासण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. एवढ्या दीर्घ काळाची चौकशी करणारा असा आयोग जगात क्वचितच नेमला गेला असेल. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेले अॅलेक्स बोरेन त्याचे अध्यक्ष होते. आयोगापुढे सर्वाधिक गर्दी झाली ती जमिनीच्या तक्रारींची. आजोबा-पणजोबांनी घेतलेली किंवा कसलेली जमीन खोट्या दस्तऐवजांनी, शपथपत्रांनी किंवा मुदतीच्या कायद्याचा आधार घेऊन बळकावली गेली, असे सांगणारी शेकडो कुटुंबे, क्रिओल आणि भारतीय दोन्ही, कागद घेऊन पुढे आली. २०११ च्या अहवालाने या तक्रारींसाठी स्वतंत्र न्याययंत्रणेची आणि जुन्या खरेदीखतांच्या शोधासाठी सरकारी मदतीची शिफारस केली. ज्या मालमत्तेला धक्का लागणार नाही असे वचन १८१० मध्ये दिले गेले होते, तिच्या मालकीची कागदोपत्री फेरतपासणी दोनशे वर्षांनी सुरू झाली असून त्या दाव्यांपैकी अनेक अद्याप निकालाच्या प्रतीक्षेत आहेत.